बटाट्याचा ठसा आणि आजीच्या लुगड्याचा चौकडा

शाळेत असताना हे तुम्ही नक्की केलंय. बटाटा मधोमध कापायचा, कापलेल्या बाजूवर सुरीने चांदणी नाहीतर पान कोरायचं, रंगात बुडवायचं आणि कागदावर दाबायचं. सोबत भेंडीचा ठसा, फारच उत्साह असेल तर कांद्याचा. कार्यानुभवाच्या तासाला अर्ध्या वर्गाने युनिफॉर्म रंगवून घेतले असतील. तो तुमचा छपाईचा पहिला धडा. तेव्हा कुणी सांगितलं नसेल, पण हातात होता तो बटाटाही लांबून आलेला होता आणि त्याचं नावही. पोर्तुगिजांनी हा शब्द आपल्याकडे आणला. त्यांच्याकडे तो आला कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून, आणि तिथे तो रताळ्याचं नाव होता. उत्तरेत आलू म्हणतात, आपण बटाटाच म्हणतो आणि वडाही त्याचाच करतो.

यादी काढायला बसलात तर संपत नाही. चावी, पाव, पगार, लिलाव, तुरुंग, घमेलं, पिंप, नाताळ, इस्त्री. हे सगळे शब्द पोर्तुगीज मुळाचे. सकाळी चावी शोधून तुम्ही पाव आणायला जाता, एक तारखेला घरात पगार येतो, म्हणून कुणी तुम्हाला ‘तू अर्धा पोर्तुगीज आहेस का रे?’ असं विचारत नाही.

पण उत्तनहून कॉलेजला येणाऱ्या मुलीला विचारतात. आडनाव परेरा किंवा गोन्साल्विस असतं, घरी बोलतात मराठीच, तीही आपल्या पुस्तकातल्या मराठीपेक्षा जुन्या वळणाची. मग पहिल्याच आठवड्यात प्रश्न सुरू होतात. ‘गोव्याची का?’ ‘मराठी येतं तुला?’ ‘म्हणजे तुमचे आजोबा-पणजोबा पोर्तुगीज होते?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. ऐकणारीला मात्र हे वर्षानुवर्षं ऐकावं लागतं. आणि खरी अडचण अशी की तिलाही याचं एका वाक्यात बसणारं उत्तर नसतं.

हा लेख त्या उत्तरासाठी आहे. ते उत्तर कापडावर छापता येईल का, हा त्यातला प्रश्न.

उत्तन कुठे आहे?

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर बस पकडा. मुर्धा, राई, मोर्वा करत ती डोंगरीला येते आणि पुढे उत्तन. खाडी ओलांडून गोराईहूनही जाता येतं. मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत असूनही इथे पोहोचलात की उंच इमारती मागे पडतात. बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकत असतात, होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, आणि चर्चच्या घंटेइतकीच लिलावाच्या आवाजाची सवय गावाला असते. चौकच्या टोकाला जंजिरे धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि आजूबाजूचा मुलूख तहात पोर्तुगिजांना दिला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी वसई घेतली. म्हणजे मधली दोनशे पाच वर्षं या पट्ट्यावर पोर्तुगिजांचा अंमल होता. या काळात इथल्या कोळी, शेतकरी, कारागीर कुटुंबांपैकी अनेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. काहींनी मनाने, काहींनी सोयीने, काहींनी नाइलाजाने. कुणाच्या घरात नेमकं काय झालं, हे आज आडनावावरून सांगता येत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी नवं नाव मिळालं, आणि आडनाव बऱ्याचदा धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं. ते आडनाव रक्तातून आलं नाही, वहीतल्या नोंदीतून आलं. डिसोझा हे आडनाव लावणारा उत्तनचा माणूस बहुतेक वेळा तितकाच इथला असतो जितका शेजारच्या गावातला पाटील.

मग ‘ईस्ट इंडियन’ हे नाव कुठून आलं? तेही ऐकण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे, गोदी, कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांसाठी गोव्याहून ख्रिस्ती लोक मुंबईत यायला लागले. आडनावं सारखीच. इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांना आपली वेगळी ओळख सांगायची गरज पडली. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली आणि हे नाव रूढ झालं. गंमत बघा. पश्चिम किनाऱ्यावरच्या, मराठी बोलणाऱ्या, पोर्तुगीज आडनावाच्या लोकांनी आपण इथलेच आहोत हे सांगण्यासाठी नाव निवडलं ते इंग्रजांच्या कंपनीवरून. उत्तनमध्ये आजही काही घरं स्वतःला आधी कोळी म्हणवतात, काही ईस्ट इंडियन, आणि बरीच दोन्ही.

रक्ताची सरमिसळ झालीच नाही असंही नाही. गोव्यात १५१० नंतर अल्फोन्सो द आल्बुकर्कने पोर्तुगीज सैनिकांना स्थानिक बायकांशी लग्नं करायला उत्तेजन दिलं होतं. वसई आणि चौलच्या तटबंदीच्या आतही मिश्र कुटुंबं होती. चौलची कहाणी तर अजून बोलती आहे. रेवदंड्याजवळच्या कोर्लई गावात ख्रिस्ती वस्तीतले साधारण हजारेक लोक आजही एक पोर्तुगीज-मराठी मिश्रभाषा बोलतात. ते तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. १७४० मध्ये पोर्तुगीज तिथून गेले. पावणेतीनशेहून जास्त वर्षं ही भाषा शाळा, वर्तमानपत्र, सरकारी कागद यांच्याशिवाय घरातल्या घरात टिकली आहे. रायगडात ट्रेकला जाता तेव्हा कोर्लईच्या किल्ल्यावर सेल्फी काढून परत येऊ नका, खाली गावातही कान उघडे ठेवून फिरा.

सांगायचा मुद्दा असा, की ‘किती टक्के?’ हा प्रश्न इथे चालतच नाही. कोर्लईत रक्त, भाषा, धर्म सगळंच मिसळलंय. उत्तनमध्ये धर्म आणि आडनाव बाहेरून आलं, भाषा इथलीच राहिली, जेवणात दोन्हीकडचं आलं. लग्नातले फुगे तळले जातात ते आणि घरोघरच्या बाटलीत भरलेला बॉटल मसाला, यातलं कुठलं कोणाचं हे वेगळं काढायला गेलात तर हातात काही उरणार नाही.

लाल चौकडे

आता लुगड्याकडे येऊ. ईस्ट इंडियन बायकांचं पारंपरिक लुगडं सुती, नऊवारी, बहुतेक लाल किंवा किरमिजी, त्यावर चौकडे, आणि समारंभाचं असेल तर जरीचा काठ. रोज नेसणाऱ्या बायका आता फारच थोड्या. लग्नात, उंबराच्या पाण्याला बँड लावून विहिरीवर जातात तेव्हा किंवा सणाच्या मिरवणुकीत मात्र ते कपाटातून निघतं. हल्ली तरुण मुलीही हौसेने नेसायला लागल्या आहेत.

या लुगड्यात ‘पोर्तुगीज’ काय आहे? काहीच नाही. चौकडा तर दख्खनपासून कोकणापर्यंत आपल्या सगळ्यांचा. गोव्याची कुणबी साडीही लाल चौकड्यांचीच. ती जवळजवळ विसरली गेली होती, तेव्हा फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा विणून घेतली आणि थेट फॅशन वीकच्या रॅम्पवर नेली. धर्म बदलला, नाव बदललं, देव बदलला, पण बायकांनी अंगावरचं कापड बदललं नाही. ज्यांना आपली ओळख ‘परकी’ वाटते किंवा तशी वाटायला लावली जाते, त्यांनी आधी घरातलं हे कपाट उघडावं.

गोव्यातच याच्या उलट टोकाचा पोशाख आहे. मांडो गाताना-नाचताना ख्रिस्ती बायका नेसायच्या तो ‘पानो भाजू’. यातला ‘पानो’ हा कापडासाठीचा पोर्तुगीज शब्द, आणि ‘भाजू’ मलाय भाषेतला, अंगातल्या कपड्यासाठीचा. म्हणजे गोव्याचा म्हणून ओळखला जाणारा पोशाख नावातच दोन समुद्र घेऊन उभा आहे. तरी तो गोव्याचाच. कुणी त्याला उसना म्हणत नाही.

कापडाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला फार आवडते. भारतातले चौकड्यांचे कापड शतकानुशतकं पश्चिम आफ्रिकेत जात होते, विशेषतः मद्रासकडचे. नायजर नदीच्या मुखाशी राहणाऱ्या कलाबारी लोकांनी ते नुसते नेसले नाहीत. त्यांच्या बायका पात्याने त्यातले ठरावीक धागे कापून ओढून काढतात. राहिलेल्या धाग्यांतून नवी नक्षी उमटते. त्याला ‘पेलेते बिते’ म्हणतात, म्हणजे कापलेलं कापड. वर भरतकाम नाही, रंग नाही, ठिगळ नाही. बाहेरून आलेल्या वस्तूतून काही काढून टाकलं आणि ती आपली झाली. अंत्यविधीसारख्या महत्त्वाच्या प्रसंगांना हे कापड लागतंच. ‘आमचं काय आणि बाहेरचं काय’ यावर वाद घालणाऱ्यांना मी हे उदाहरण पाठवतो. बहुतेक जण उत्तर देत नाहीत.

छापलेल्या कापडाचा प्रवास तर याहून गुंतागुंतीचा. आपली ‘छींट’ जहाजातून युरोपात गेली. पोर्तुगालमध्ये तिची ‘शिता’ झाली, इंग्लंडमध्ये ‘चिंट्झ’. फुलापानांचं हे धुतल्यावरही न उतरणारं रंगीत सुती कापड तिकडे इतकं खपायला लागलं, की स्थानिक विणकर चिडले. फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने १७०१ पासून आणि मग १७२१ मध्ये आणखी कडक कायदा केला. नंतर तीच नक्षी तिकडच्या गिरण्यांनी छापली आणि आपल्यालाच विकली. आज लिस्बनला जाऊन कुणी ‘अस्सल पोर्तुगीज’ शितेचा टेबलक्लॉथ आणला, तर त्यातलं फूल मूळचं कुठलं हे त्यालाही विचारून बघा.

गव्हात ऊस दिसला तेव्हा

हे सगळं झालं इतिहासाचं. पण एखादी व्यक्ती आपली मिश्र ओळख कापडावर कशी छापते? दोन नावं सांगतो, दोन्ही शोधून बघाच.

पहिलं अल्थिया मॅकनिश. जन्म १९२४, त्रिनिदादमधलं पोर्ट ऑफ स्पेन. १९५१ मध्ये ती लंडनला गेली, आधी छपाई शिकली, मग कापडाकडे वळली. शिक्षण संपताच लिबर्टीसारख्या नामांकित दुकानासाठी तिने डिझाइन्स केली. तिचं सर्वांत गाजलेलं डिझाइन ‘गोल्डन हार्वेस्ट’. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात ती गव्हाच्या शेतातून चालत होती, आणि तिला दिसला घरचा ऊस. तिने ते कापड केलं. त्यातला गहू कुठल्याही इंग्रजाने रंगवलेल्या गव्हासारखा नाही, रंगही तिथल्या मळभाचे नाहीत, उष्ण कटिबंधातले आहेत. इंग्लंडमधल्या कितीतरी दिवाणखान्यांत ते पडदे म्हणून लटकलं. ‘मी दोन्हीकडची आहे’ असं तिने कुठे लिहून ठेवायची गरजच नव्हती.

दुसरा यिंका शोनिबारे. जन्म लंडनचा, १९६२ चा, लहानपण नायजेरियातल्या लागोसमध्ये. तो ज्या भडक ‘आफ्रिकन’ कापडातून पुतळ्यांना व्हिक्टोरियन काळातले कपडे शिवतो, ते कापड मुळात इंडोनेशियातल्या बाटिकची नक्कल म्हणून हॉलंडच्या कारखान्यांत बनायला लागलं आणि पश्चिम आफ्रिकेत खपलं. हेलमंड गावातली व्हलिस्को कंपनी १८४६ पासून या धंद्यात आहे. शोनिबारे हे कापड आफ्रिकेतून आणत नाही, लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या बाजारातून विकत घेतो. ‘अस्सल’ या शब्दाची एवढी शांतपणे उडवलेली थट्टा मी दुसरीकडे पाहिली नाही.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर अँजेलो द फोन्सेका. हा छपाईचा माणूस नाही, चित्रकार. गोव्यातला, शांतिनिकेतनला अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेला. त्याने मेरीला साडी नेसवली, चेहरा इथल्या बाईचा दिला. गोव्यातल्या लोकांना ते रुचलं नाही. तो पुण्याला आला, इथल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला आणि १९६७ मध्ये जाईपर्यंत तेच करत राहिला. मेरीच्या अंगावर कुठलं कापड असावं यावरून एका माणसाला गाव सुटतं. कापड ही वाटते तितकी साधी वस्तू नाही.

आणि कुणी तुम्हाला ‘कापड म्हणजे क्राफ्ट, आर्ट नाही’ असं म्हणालं, तर सांगा की प्रभाकर बरव्यांसारख्या चित्रकाराने आयुष्यातली कितीतरी वर्षं वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये कापडाच्या डिझाइनचं काम केलं.

मग तुम्ही काय छापाल?

एक गोष्ट आधीच स्पष्ट. लुगड्याचा चौकडा विणलेला असतो, छापलेला नाही. ताण्यातल्या आणि बाण्यातल्या रंगीत धाग्यांचे पट्टे एकमेकांतून जातात तेव्हा तो तयार होतो. तुम्ही तो छापलात तर ती नक्कल असेल. मला विचाराल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. माग तुमच्या घरात नाही, कदाचित आजीच्या घरातही नव्हता. तुमच्यापर्यंत चौकडा फोटोतून, कपाटातल्या घडीतून आलाय. छापलेला चौकडा हे अंतरही दाखवतो.

साहित्य फार लागत नाही. लिनोलियमचा तुकडा, कोरायची हत्यारं, पांढरं सुती कापड, कापडावर चालणारा रंग. टेबलावर जुनी चादर किंवा गोणपाट तीन-चार घड्या करून अंथरा, खाली गादीसारखं मऊ असलं तरच ठसा सगळीकडे सारखा उठतो. कापड आधी धुवून खळ काढून टाका, नाहीतर रंग वरच्यावर बसतो आणि पहिल्याच धुण्यात जातो. लाकडी ठसे वापरणारे कारागीर ठसा ठेवून मुठीने ठोकतात. भावसार आणि रंगारी समाजातल्या लोकांचा हा पिढ्यांचा धंदा. तुमच्या वर्गात या आडनावाचं कुणी असेल तर त्याच्या घरी विचारा, कदाचित माळ्यावर एखादा जुना ठसा निघेल.

अक्षरं कोरणार असाल तर आरशात दिसतात तशी उलटी कोरा. पहिल्यांदा सगळेच विसरतात. याच निमित्ताने एक आठवण. १५५६ मध्ये गोव्यात भारतातला पहिला छापखाना सुरू झाला. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने लिहिलेलं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं तेव्हा देवनागरी खिळे नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत छापल्या. इंग्रज माणूस, पोर्तुगीज राज्य, रोमन अक्षरं, मराठी ओवी. यातलं एकही काढलं तर ते पुस्तक होत नाही.

आता विषय निवडा. इथे मी जरा हट्टी आहे. इंटरनेटवरून निळ्या पोर्तुगीज टाइल्सची नक्षी उचलून, छापून, खाली ‘माय हेरिटेज’ लिहू नका. त्या टाइल्स लिस्बनच्या आहेत, पर्यटकांच्या मग आणि मॅग्नेटवर आहेत, तुमच्या उत्तनच्या घरात बहुधा कधीच नव्हत्या. घरात काय होतं ते छापा. वलांडीवर उलटे टांगलेले बोंबील ही तयार नक्षीच आहे, ओळीच्या ओळी, एकसारख्या. डोल जाळ्याची विण. बॉटल मसाल्याच्या बाटलीची बाह्यरेषा. दारावरच्या क्रूसाखालची तारीख. आजोबांच्या होडीचा नंबर. कार्यालयातून मिळालेल्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरची वळणदार सही.

आणि मासा. जपानी कोळी ‘ग्योताकू’ करत. पकडलेल्या माशाला शाई लावायची, वर कागद किंवा कापड ठेवून हाताने दाबायचं, की मासा खवल्यांसकट, खऱ्या मापात उमटतो. एकोणिसाव्या शतकातली ही पद्धत मुळात पकडीची नोंद ठेवायला होती. अलीकडे जपानमधल्या संशोधकांनी जुन्या ग्योताकू छाप्यांवरून कुठल्या किनाऱ्याला कुठले मासे मिळायचे याच्या नोंदी काढल्या आहेत. उत्तनमध्ये हे कुणी करावं असं मला फार वाटतं. बोंबील लुसलुशीत, तो नीट उमटणार नाही, पण पापलेट सुंदर उमटतो. चपटा असतो, बाह्यरेषा स्वच्छ. २०२३ मध्ये त्याला महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित केलं ते काही कौतुकापुरतं नव्हतं. वाढ होण्याआधीच पिल्लं पकडली जात असल्याने पापलेट कमी होत चाललाय, त्याला वाचवण्याची ती हाक होती. आज मिळालेल्या पापलेटचा ठसा कापडावर घ्या. मग घरातल्या मोठ्यांना हाताने दाखवायला सांगा, त्यांच्या तरुणपणी केवढा यायचा. त्यांच्या दोन तळव्यांमधलं अंतर मोजा आणि तेवढी रिकामी बाह्यरेषा पहिल्या ठशाभोवती छापा. ओळखीचा विषय म्हणून सुरू केलेलं काम पोटापाण्याच्या प्रश्नावर कधी आलं, कळणारही नाही. तिथे ते यायलाच हवं. किनारा सुटला, मासा संपला तर कोळी म्हणवून घेणं नुसतं सणापुरतं उरेल.

ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांनी रासायनिक रंगाऐवजी जुनी पद्धत करून बघावी. कापड हिरड्याच्या पाण्यातून काढून वाळवायचं. गूळ आणि गंजलेलं लोखंड आंबवून केलेल्या पाण्याने एक ठसा मारायचा, तुरटीच्या पाण्याने दुसरा. तुरटीचा ठसा मारल्यावर कापडावर जवळजवळ काही दिसत नाही. मग अख्खं कापड मंजिष्ठाच्या गरम पाण्यात सोडायचं. एकाच भांड्यातून, एकाच रंगातून बाहेर येताना लोखंड लागलेला भाग काळपट होतो आणि तुरटीचा लाल. रंग सगळ्यांना सारखाच मिळाला होता, आधी काय लागलं होतं त्यावर फरक पडला. दोन वेगळ्या गावांतल्या, दोन वेगळ्या धर्मांतल्या आई-वडिलांची मुलं हा प्रयोग करताना जरा जास्त वेळ भांड्याजवळ उभी राहतील असा माझा अंदाज आहे.

कारण मिश्र घरं ही काही चारशे वर्षांपूर्वीचीच गोष्ट नाही. आई उत्तनची कोळी ख्रिस्ती, बाबा मालवणचे. आजी मंगळूरची, आजोबा डोंगरीचे. वडील केरळचे, घरात बोलणं हिंदीत आणि मराठी फक्त मावशीकडे गेल्यावर. अशी मुलं आता प्रत्येक वर्गात आहेत. त्यांनाही टक्केवारीच विचारली जाते. त्यांच्यासाठी ठशावर ठसा हे फार सोयीचं माध्यम आहे. मालवणकडचा ठसा फिका छापा, वाळू द्या, त्यावर उत्तनचा गडद. खालचा पुसला जात नाही आणि वरचा पूर्ण झाकतही नाही. जिथे दोन्ही एकमेकांवर येतात तिथे तिसराच रंग होतो, आणि तो कुठला येईल हे आधी सांगता येत नाही, छापूनच बघावं लागतं.

एक काळजी मात्र घ्या. घरातल्या गोष्टी छापायच्या म्हणजे घरातल्यांना विचारायचं. पळून जाऊन केलेलं लग्न, बदललेलं आडनाव, जमिनीवरून तुटलेलं भावकीतलं नातं, हे सगळं तुमच्या कॉलेजच्या प्रदर्शनात लावायचं मटेरियल नसतं, निदान त्या माणसांनी हो म्हणेपर्यंत. पूर्व आफ्रिकेत ‘कांगा’ नावाचं छापील कापड बायका नेसतात, त्याच्या काठाजवळ एक वाक्य छापलेलं असतं. म्हण असते, टोमणा असतो, कधी नवऱ्याला, कधी शेजारणीला. कांगाचं जुनं नाव ‘लेसो’, तेही रुमालासाठीच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेलं. तिथे वाक्य निवडायचा हक्क मात्र नेसणाऱ्या बाईचा. तुमच्याही कापडावर एखादं वाक्य घ्यायचं असेल तर आजीलाच निवडू द्या, आणि ती ज्या बोलीत म्हणेल त्याच बोलीत लिहा. प्रमाण मराठीत ‘शुद्ध’ करायला जाऊ नका.

पहिला नमुना निघाला की इन्स्टावर टाकायच्या आधी तिलाच दाखवा. बहुतेक ती म्हणेल की चौकडा एवढा मोठा नसायचा, आणि हा लालही नव्हे, तो अजून दाट होता, आणि काठ तर तू उलटाच लावलायस. वाद घालू नका. फोनचा रेकॉर्डर चालू करा, लिनोचा नवा तुकडा काढा आणि तिला विचारा, मग कसा होता?